पानावर नसलेली ओळ

माझी नणंद झोपेत बोलते. भांडत नाही, रडत नाही, कुणाला हाकही मारत नाही. "उपशीर्ष चार. गावोगावच्या वाचनालयांना पुस्तकं. कंस सुरू. कपाटांसह. कंस पूर्ण." मग एक श्वास, आणि पुढची ओळ. लग्न होऊन मी या घरात आले त्या पहिल्या हिवाळ्यात भिंतीपलीकडून हे ऐकून मी घाबरून नवऱ्याला उठवलं होतं. त्याने नुसती कूस बदलली. "आक्का आहे. अर्थसंकल्प वाचतेय. झोप."

आक्का त्याची थोरली बहीण. राज्याच्या अर्थखात्यात ती वाचक होती. कुणी विचारलं की ती सांगायची, "मी वाचते," आणि समोरच्याला वाटायचं, बाईंना कादंबऱ्यांचा नाद असणार. तिचं काम वेगळं होतं. सरकारने वर्षभरात कशावर किती खर्च करायचा याची जाडजाड पुस्तकं छापली जातात. छापण्याआधी त्यातली प्रत्येक ओळ, प्रत्येक आकडा मंजूर झालेल्या मूळ प्रतीवरून मोठ्याने वाचायचा. समोर बसलेला माणूस कच्च्या छपाईवर पट्टी ठेवून ती ओळ शोधतो आणि म्हणतो, "आहे." मग पुढची. असं एकतीस वर्षं.

समोर बसणारे गृहस्थही गेली अठरा वर्षं तेच. पोलादी पट्टी कायम खिशात, म्हणून सगळे त्यांना पट्टीवाले म्हणत. आक्का म्हणायची, "माझ्या आयुष्यात 'आहे' म्हणणारा एवढा एकच माणूस भेटला, आणि तोही तीन मुलांचा बाप."

पावसाळा सरला की तिचं वर्ष सुरू होई. खात्याखात्यांतून अंदाज येऊ लागत, तपकिरी पाकिटांतून, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांतून. दवाखान्यांना एवढं, रस्त्यांना एवढं, शाळांच्या छपरांना एवढं. "सगळे दुप्पट मागतात," ती सांगे, "कारण अर्थखातं अर्धं करणार हे त्यांना माहीत असतं. आणि अर्थखातं अर्धं करतं, कारण त्यांनी दुप्पट मागितलंय हे त्याला माहीत असतं. भाजीबाजारात तरी याहून वेगळं काय चालतं?" थंडीत बैठका होत, मग मंत्रिमंडळाची मंजुरी, आणि मग वाचनाचे नऊ दिवस.

ते नऊ दिवस मला नकोसे व्हायचे. छापखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर खिडक्यांना कागद चिकटवलेल्या खोलीत ती आणि आणखी काही जण कोंडलेले. फोन दारावरच्या शिपायाच्या पेटीत. अर्थमंत्र्यांनी सभागृहात भाषण वाचेपर्यंत आतलं अक्षरही बाहेर जायचं नाही. मी काळजी करते असं घरात सगळे म्हणतात. करते. आक्काची बॅग भरताना मी तिच्या गोळ्यांवर दिवस लिहून ठेवायची, जादा मोजे कोंबायची. ती एक मोजा बाहेर काढून म्हणायची, "वहिनी, मी खोलीत बसायला चाललेय, हिमालयात नाही."

तिला ओळी नुसत्या दिसत नसत. "डोंगरावरच्या वेधशाळेला रंग" हे वाचताना तिला तो रंग ओला दिसायचा. "मूकबधिर मुलांच्या शाळेला घंटा" ही ओळ तिने एका वर्षी वाचली आणि घरी आल्यावर दोन दिवस विचारात होती, ती घंटा कुणासाठी असेल? तिने ती जागा कधी पाहिली नव्हती. गाव आणि राजधानीतली कचेरी सोडून ती फारशी कुठे गेलीच नाही. पण सगळं राज्य तिच्या पापण्यांच्या आत होतं. तलाव, तुरुंग, रोपवाटिका, धर्मशाळा, सगळं एकाखाली एक, अनुक्रमांक घातलेलं.

आता लाँचबद्दल सांगायला हवं, कारण माझी खरी काळजी तीच.

आमचं गाव नदीच्या या काठाला, कॉलेज पलीकडच्या. मध्ये पूल नाही. पूल मंजूर आहे. माझी लेक तिसरीत होती तेव्हा मंजूर झाला, आता ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाण्यात दोन खांब उभे राहिलेत, त्यांच्यावर बगळे बसतात. तोवर सरकारी लाँच. सकाळी सात, आठ, नऊ, संध्याकाळी पाच, सहा, सात. तिच्यातून मास्तर जातात, दूधवाले जातात, आठवड्यातून दोनदा रक्त बदलायला जाणारे एक आजोबा जातात, आणि माझी लेक जाते. हिवाळ्यात सातची लाँच धुक्यातून येते. आधी काहीच नसतं. मग एक पिवळा ठिपका. मग तो ठिपका हलतोय की माझे डोळे हलताहेत ते कळत नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असते आणि तो ठिपका दिवा होईपर्यंत हातातलं भांडं खाली ठेवत नाही.

"आई, मला पोहता येतं," लेक म्हणते.

"स्वेटर घालून येतं का?"

ती चपला घालून धक्क्याकडे पळते. आक्काला मी दोन वर्षं ऐकवत होते, "तुमच्या सरकारला सांगा, तो खटारा बंद करा आणि पूल बांधा." आक्का म्हणायची, "मी सरकारला काही सांगत नाही गं. सरकार सांगतं ते मी वाचते."

यंदाचं तिचं शेवटचं वर्ष. आर्थिक वर्ष संपतं त्याच दिवशी तिची नोकरी संपणार होती. खात्यात एक चूक-नोंदवही असते. वाचनात कुणाकडून काय चुकलं ते त्यात लिहायचं आणि रोज संध्याकाळी उपसचिवांनी त्यावर सही करायची. एकतीस वर्षांत आक्काच्या नावावर एकही नोंद नव्हती. निरोपाच्या दिवशी तिला तसं पत्र मिळणार, त्यावर अर्थसचिवांची सही असणार, असं पट्टीवाल्यांनी कुठूनतरी काढलं होतं. आक्का वरवर म्हणायची, "पत्र घेऊन काय चाटायचंय?" पण तिने त्याच महिन्यात एक चौकट विकत आणली. काचेची, सोनेरी कडेची. कपाटात साड्यांच्या मागे ठेवलेली मला दिसली. मी साड्या होत्या तशा परत लावल्या.

पुढचं मला तिने नंतर सांगितलं, भाषण होऊन गेल्यावर.

सहावा दिवस. दुपार. जेवणानंतरची ती वेळ, जेव्हा कागद चिकटवलेल्या खिडकीतून दुधासारखा उजेड येतो आणि सगळ्यांचीच मान थोडी डुलते. आक्काचा आवाज एका संथ लयीत चालला होता. "धक्क्यांची देखभाल." "आहे." "आकडा." "आहे." "नदीवरील नावसेवा."

पट्टी खाली सरकली, पुन्हा वर आली.

"नाही," पट्टीवाले म्हणाले.

"काय नाही?"

"नावसेवा नाही. धक्क्यांच्या खाली थेट दीपगृहं."

आक्काला वाटलं, जुळणी करणाऱ्याने ओळ गाळली. ती आपल्या हातातल्या प्रतीवर बोट ठेवायला गेली, आणि तिचं बोट तसंच राहिलं. तिच्या कागदावरही ती ओळ नव्हती. धक्के, मग दीपगृहं. मधली ओळ तिने वाचलीच नव्हती, ती तिच्या तोंडातून आपोआप आली होती. तीस वर्षं धक्क्यांच्या मागोमाग नावसेवा आली होती. डोळ्यांच्या आधी जीभ तिथे पोहोचली.

वाचकाच्या हातून याहून वाईट चूक होत नाही. अडखळलं, आकडा उलटा वाचला, चालतं, समोरचा पकडतो. पण नसलेलं वाचणं म्हणजे वाचणंच नाही. मग आजवर जे जे "आहे" झालं ते कागदावरून झालं की तिच्या डोक्यातून, असा प्रश्न उभा राहतो.

पट्टीवाल्यांनी इकडेतिकडे बघितलं. बाकीच्या जोड्या आपापल्या कोपऱ्यात गुणगुणत होत्या. "आक्का," ते हळूच म्हणाले, "मी काही ऐकलं नाही. दीपगृहं घ्या."

"ओळ कुठे गेली?"

"तीन वर्षं खर्च शून्य असलेल्या सगळ्या ओळी यंदा काढल्यात. दोनशेच्या वर आहेत. संगणकाने यादी काढली, वरून मंजूर झाली. आपल्याला काय?"

"खर्च शून्य कसा असेल? लाँच चालते."

"आक्का, वाचकाला मत नसतं, हे मला तुम्हीच शिकवलंत."

"हे मत कुठे आहे? इथे कोंडून घ्यायला आले त्या सकाळी तिचा भोंगा ऐकूनच मी घरातून निघाले."

ती सांगते, तेव्हा तिला लाँच दिसली. धुक्यात होती, दिवा लावलेला, पण खाली पाणी नव्हतं. नुसता पांढरा कागद. आणि कठड्याला धरून माझी लेक उभी, मफलर नाकापर्यंत. त्याच वेळी माझाही आवाज तिच्या कानात आला, "बंद करा तो खटारा." ओळ पुस्तकात नाही म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून त्या कामावर एक छदामही खर्च करता येणार नाही. लाँच काठाला बांधली जाणार. वहिनी सुखाने झोपेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पुलाचे दोन खांब मात्र दोनच राहतील. पोरगी दोन बस बदलून जुन्या पुलावरून अडीच तास जाईल, अडीच तास येईल, आणि एखाद्या दिवशी जायचं बंद करेल. आजोबांचं काय, तो विचार तिने केला नाही. धीर झाला नाही, म्हणाली.

वाचकाला वर तक्रार करायला जागा नाही. खोलीतून चिठ्ठीही बाहेर जात नाही. एकच वही अशी होती, जी रोज संध्याकाळी वर जाते आणि जिच्यातली प्रत्येक ओळ उपसचिवांना वाचावीच लागते.

"वही द्या," आक्का म्हणाली.

पट्टीवाल्यांनी वहीवर हात ठेवला. "महिनाच राहिलाय तुमचा. ते पत्र..."

"तुमच्या पट्टीखाली कधी खोटं 'आहे' आलं का? मग द्या इकडे."

तिने लिहिलं: पान एकशे बारा. वाचकाने मूळ प्रतीत नसलेली ओळ वाचली. नदीवरील नावसेवा. खाली सही केली. पट्टीवाल्यांनी साक्षीदार म्हणून सही करताना नाक ओढलं आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

उपसचिव म्हणजे आक्काहून पंधरा-वीस वर्षांनी लहान बाई. नोकरीला लागल्या तेव्हा अंदाजपत्रक कसं वाचायचं ते आक्कापाशीच शिकल्या होत्या. वही बघून त्या स्वतः खाली आल्या.

"आक्का, तुम्ही? चूक?"

"झाली खरी."

"ही ओळ तोंडात कशी आली?"

"दरवर्षी येते, म्हणून आली. यंदा तिला काढलीय हे माझ्या तोंडाला कुणी कळवलं नाही."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "सेवा बंद असेल. शून्य खर्च आहे."

"चालू आहे. माझी भाची रोज जाते तिच्यातून."

"म्हणजे तुमचा संबंध आहे."

"आहे," आक्का म्हणाली. त्या खोलीत 'आहे' म्हणायची तिची ती पहिलीच वेळ.

"मग तुमच्या शब्दावर मला काही करता येणार नाही. तुम्हालाही हे माहीत आहे."

"माझ्या शब्दावर नकोच. पुलाचं पान काढा."

पट्टीवाल्यांनी पुलाचं पान काढलं. पट्टी एकेक ओळ खाली सरकत गेली. सिमेंट, शून्य. पोलाद, शून्य. मजुरी, शून्य. मग इंधन, आणि समोर भलामोठा आकडा. आदल्या वर्षीही. त्याच्याही आदल्या वर्षी. पट्टीवाले म्हणाले, "पूल डिझेल पितो?"

लाँच म्हणजे "पूल होईपर्यंतची व्यवस्था", असं कुठल्यातरी जुन्या आदेशात म्हटलं होतं. म्हणून विभागीय कचेरीतल्या कुणा नव्या कारकुनाने तीन वर्षांपूर्वी लाँचचा सगळा खर्च मुकाट्याने पुलाच्या खात्यात टाकायला सुरुवात केली. न बांधलेला पूल डिझेल पीत राहिला आणि धावणारी लाँच कागदावर उपाशी मेली.

"यंदा पुलाला इंधन दिलंय का?" उपसचिवांनी विचारलं.

"दिलंय," आक्का म्हणाली. "पण इंधन पुलाचं. यंदापासून तपासणी कडक आहे, लाँचला त्यातला थेंब मिळणार नाही."

बाईंनी पुलाचं पान उचललं. मग वर गेल्या. दोन तासांनी शिपाई लाल पाकीट घेऊन आला. अर्थमंत्र्यांच्या मंजुरीने ओळ परत घालायची होती. समोर आकडा, एक हजार.

मला हे ऐकून हसावं की रडावं कळेना. "एक हजारात लाँच दोन फेऱ्या तरी मारेल का?"

"अगं, ते पैसे खर्चायला नसतात," आक्का म्हणाली. "ओळ जिवंत राहावी म्हणून घातलेत. ओळ असली की पुलाचं डिझेल रीतसर तिच्याकडे वळवता येतं. कमी पडलं तर पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागणी करता येते. ओळच नसेल तर कुणी कोटभर दिले तरी ठेवणार कुठे?"

हे सांगताना ती अंथरुणात होती. भाषणाच्या दिवशी घरी आली आणि दोन दिवस झोपली होती. तिच्या उशाशी मी पाण्याचा पेला घेऊन बसले होते, आणि मला एकदम राग आला. "म्हणजे ती लाँच तुम्ही वाचवलीत? मी दोन वर्षं जीव मुठीत धरून खिडकीत उभी राहते, आणि तुम्ही..."

"लाँच बंद झाली असती तर काय पूल उगवला असता?"

"पोरगी घरी तरी राहिली असती."

"हं," आक्का म्हणाली. मी पेला उचलून स्वयंपाकघरात गेले. मी काय बोलून बसले ते मला तिथे पोचल्यावर कळलं.

अर्थसंकल्प मांडला म्हणजे झाला, असं मला वाटायचं. तसं नसतं. पुढे अडीच आठवडे सभागृहात चर्चा होते, मग खात्याखात्याची मागणी मताला टाकतात. आक्काने दोन पास मिळवले. एवढी वर्षं ओळी वाचून तीही तिथे कधी गेली नव्हती. शेवटचा दिवस होता. वरच्या सज्जात आम्ही दोघी, खाली अर्धी बाकं रिकामी. एक आमदार मान छातीवर टाकून शांत झोपले होते. पाच वाजले की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकायच्या, असा नियम आहे म्हणे. पाच वाजले. अध्यक्षांनी क्रमांक वाचले. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं." खालून एक होय आला, झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसा. "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं." कुठूनतरी दोनचार नाही आले. "होयचं बहुमत आहे." संपलं.

"आपली होती त्यात?" मी विचारलं.

"मधे कुठेतरी होती."

"एवढ्यात?"

"एवढ्यातच होतं सगळं," आक्का म्हणाली. तिने रुमालाने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग खर्चाचं विधेयक मंजूर झालं, राज्यपालांची सही झाली, हे आम्ही पेपरात एका कोपऱ्यात वाचलं. लाँचचा उल्लेख कुठेच नव्हता.

निरोपाच्या दिवशी तिला पत्र मिळालं. "दीर्घ व समाधानकारक सेवेबद्दल," एवढंच. निर्दोष हा शब्द नव्हता. उपसचिवबाईंनी मात्र तिला मिठी मारली, सगळ्यांसमोर. पट्टीवाल्यांनी आपली पोलादी पट्टी कागदात गुंडाळून तिला दिली. "आता तुम्ही नाही, तर मी कशाला 'आहे' म्हणू?" म्हणाले. त्या चौकटीत आता लेकीचा लहानपणचा फोटो आहे.

दुसऱ्या दिवशी, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, आक्का साडेसहालाच तयार. "चल."

"कुठे?"

"बघायला. चालते का."

मी एवढ्या वर्षांत लाँचमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. रात्रीच्या अवकाळी पावसाने थंडी परत आली होती, आणि धक्क्यावर धुकं इतकं दाट होतं की पाणी फक्त ऐकू येत होतं. मास्तर होते, दूधवाले होते, रक्त बदलणारे आजोबा पिशवी मांडीवर घेऊन आधीच जागा धरून बसले होते. लेकीने मला बघितलं आणि डोळे फिरवले. "आई, तू? बुडायला आलीस की वाचवायला?"

लाँचवाला दोर सोडत कुरकुरला, "कचेरीतून कालच हुकूम आला, आजपासून डिझेलची पावती वेगळी फाडायची. तेच डिझेल, तीच टाकी. यांना दुसरे उद्योग नाहीत."

आक्काने मान खाली घातली. तिचे खांदे हसत होते.

काठ सुटला आणि मी कठडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटले. इंजिनाची धडधड पायातून वर येत होती. मग शेजारून तो आवाज सुरू झाला, भिंतीपलीकडून मी वीस वर्षं ऐकलेला, संथ, एका पट्टीतला. तिला समोर जे दिसत होतं ते ती वाचत होती. "जीवरक्षक कडी. आकडा, सहा."

मी डोळे किलकिले केले. कठड्याला टांगलेली ती गोल कडी मोजली. "आहे," म्हणाले.

"पुलाचे खांब. दोन. बगळ्यांसह."

धुक्यातून ते दोन्ही खांब आमच्या अगदी जवळून गेले, उंच, ओले, गप्प. "आहे."

"भाची. एक. टोकाला उभी. कंस सुरू. मफलरसह."

लेक टोकाला उभी होती, पाठमोरी. वारा तिचा मफलर मागे उडवत होता. तो धरायला माझा हात उठला, आणि तिथेच राहिला.

"वहिनी," आक्का हळूच म्हणाली, "ओळ थांबलीय."

"आहे," मी म्हणाले.